कच्चा टाका, पक्का टाका

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "नातवाला एकदा किसणी दाखवली की दुसऱ्या दिवशी तो नाव घेऊन मागतो. मला मात्र मोबाइलमधले शब्द दहादा सांगितले तरी राहत नाहीत. हे डोक्यात बसतं तरी कुठं?"

त्याचं उत्तर शास्त्रज्ञांना एका माणसाच्या नुकसानीतून मिळालं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांना लहानपणापासून फिट्स येत. पुढे त्या इतक्या वाढल्या, की कामधंदा सुटला. 1953 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हार्टफर्ड गावी विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्यांच्या मेंदूचा आतला थोडा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यात हिप्पोकॅम्पस बराचसा गेला. हा शब्द ग्रीक; अर्थ समुद्रघोडा, कारण त्याचा आकार तसा वळलेला असतो. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काहीच टिकेना. जेवून उठले, की थोड्या वेळानं जेवल्याचं आठवत नसे. असं ऑपरेशन पुन्हा कुणी करू नये, असं स्कोव्हिल यांनीच पुढे इतरांना बजावलं. पण हेन्रींना त्याचा काय उपयोग?

कॅनडातून ब्रेंडा मिल्नर त्यांना तपासायला रेल्वेनं येत. दर भेटीत ओळख नव्यानं करून द्यावी लागे. 1957 साली मिल्नर आणि स्कोव्हिल यांनी हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं.

मिल्नर यांच्या विद्यार्थिनी सुझान कॉर्किन यांनी पुढे शब्दांचाही छडा लावला. हेन्रींचे जुने शब्द शाबूत होते. गप्पा मारत, शब्दकोडी आवडीनं सोडवत. म्हणजे शब्दांचे अर्थ हिप्पोकॅम्पसमध्ये साठत नाहीत. मग त्याचं काम काय? गोधडी शिवताना आपण आधी कच्चा टाका घालतो ना, तसं. नवा शब्द आणि त्याचा अर्थ तो आधी सैल बांधून ठेवतो. मग दिवसागणिक, विशेषतः झोपेत, मेंदूच्या वरच्या थरात पक्के टाके पडतात.

हेन्रींचा कच्चा टाकाच गेला होता. 1953 नंतर भाषेत आलेले शब्द त्यांना परके राहिले. 'फॅट फार्म' म्हणजे वजन उतरवायला जायचं ठिकाण. हेन्रींनी अंदाज केला, दुधाची डेअरी! मला यात हसू येत नाही. जुन्या कापडाचे तुकडे जोडून माणूस अर्थ लावू पाहत होता.

एक गोष्ट मात्र ताईंच्या कामाची आहे. पोलिओची साल्क लस 1955 ची, म्हणजे ऑपरेशननंतरची. पण पोलिओ हा शब्द त्यांना आधीपासून ठाऊक. साल्क लशीची खूण देऊन विचारल्यावर, पुन्हा पुन्हा कोडं सोडवत, 'पोलिओ' हे उत्तर त्यांना जमू लागलं. जुन्या ओळखीच्या शब्दाला बांधलेलं थोडं टिकलं. तेव्हा ताई, 'अपलोड' पाठ करत बसू नका; माळ्यावर सामान चढवणं आठवा, 'डाउनलोड' म्हणजे ते खाली उतरवणं. आणि रात्री पुरेशी झोप घ्या.

कॉर्किन त्यांना चाळीसहून अधिक वर्षं भेटत राहिल्या. त्या कोण, हे हेन्रींना कधी सांगता आलं नाही. शाळेत असताना ओळख झाली असावी, असं मात्र वाटे. 2008 साली, बयाऐंशीव्या वर्षी ते गेले. तोवर साऱ्या जगातल्या पुस्तकांत ते फक्त 'एच. एम.' होते. पूर्ण नाव त्यानंतरच छापलं गेलं.