मनाच्या दाराची कडी

वर्गात नवी मुले आली, की मी त्यांना एक धाक घालीत असे, "तुमच्या मनात काय चाललंय, ते मला चेहऱ्यावरून वाचता येतं, बरं का!" काही वर्षांपूर्वी वर्गातली एक कंपासपेटी हरवली. एका मुलाची मान खाली होती. मी ती मान 'वाचली' आणि त्याला दोन दिवस बाकावर उभे केले. तिसऱ्या दिवशी पेटी खिडकीमागे सापडली. मुलाची मान खाली होती, ती घरी आई आजारी होती म्हणून! "मग तू बोलला का नाहीस?" मी विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणालात ना, तुम्हांला मनातलं वाचता येतं?"

तेव्हापासून मेंदूच्या विद्येचा इतिहास वाचताना मी या मुलाला शेजारी घेऊनच बसतो.

या इतिहासाचे एक पान पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरी उघडते. 1935 च्या नोव्हेंबरात एगास मोनिझ या वैद्याने एका मनोरुग्ण स्त्रीच्या कवटीला भोके पाडवून मेंदूच्या पुढल्या भागात मद्यार्क टोचविला. पुढे त्या भागाचे तंतू कापण्याचे हत्यारच तयार झाले. मोनिझ काही भोंदू नव्हता. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत त्यानेच 1927 मध्ये शोधून काढली होती. त्या काळी वेड्यांची इस्पितळे खच्चून भरलेली आणि औषध म्हणावे असे काही नव्हते. पहिल्या वीस रुग्णांपैकी सात बरे झाले, सात सुधारले, सहा जैसे थे, असा हिशेब त्याने मांडला. घाईघाईचा तो हिशेब जगाने उचलून धरला आणि 1949 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने ही विद्या पेटंट औषधासारखी गावोगावी नेली. 1946 पासून तो बर्फ फोडायच्या टोच्यासारखे हत्यार डोळ्याच्या खोबणीतून वर घाली. काही मिनिटांत काम आटोपे. रोगी शांत होई हे खरे, पण पुष्कळदा त्या शांततेत माणूसच उरत नसे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण रोझमेरी हिच्यावर 1941 साली ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. निर्णय वडिलांचा होता. हुशार भावंडांत मागे पडलेली, रागावणारी मुलगी ताळ्यावर यावी, एवढीच त्यांची इच्छा. शस्त्रक्रियेनंतर तिचे चालणे गेले, बोलणे गेले. 2005 साली ती वारली. मधली बहुतेक सारी वर्षे तिने संस्थेच्या आश्रयाने काढली. बापाने मुलीचे वाईट चिंतिले नव्हते. फक्त जिचे डोके, तिचे मत कोणी मोजले नाही.

1950 नंतर मनोविकारांवर गोळ्या आल्या आणि ती हत्यारे मागे पडली. पण मनात शिरण्याची माणसाची हौस मागे पडली नाही.

दुसरे पान आपल्या पुण्याचे आहे. 2008 साली तिथल्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींची तपासणी पुराव्यात धरली गेली आणि आरोपीला शिक्षा झाली. रीत अशी : डोक्याला तारा लावायच्या, एकेक वाक्य ऐकवायचे, आणि आरोपीने तोंडातून अक्षरही न काढता लहरींच्या आलेखावरून ठरवायचे, की ही गोष्ट याने अनुभवली आहे! जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. मला मात्र त्या आलेखात एक खाली गेलेली मान दिसली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी तपासणी कोणावरही त्याच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडू नये, हे आपल्या राज्यघटनेचे वचन न्यायालयाने कवटीच्या आतपर्यंत नेले.

म्हणून ही विद्याच बुडवावी का? छे! 1987 साली फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे बेनाबिड या शल्यविशारदाने मेंदूत खोलवर बारीक तार घालून विजेच्या सौम्य स्पंदनांनी थरथर थांबविण्याची रीत रुळविली. कंपवाताने ज्याच्या हातातला चहा बशीत सांडतो, त्याला कप स्थिर धरता येणे म्हणजे काय, ते त्यालाच विचारावे. 2024 च्या जानेवारीत अमेरिकेत, खांद्याखालचे शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत नाण्याएवढे यंत्र बसविले. पुढे तो नुसत्या विचाराने पडद्यावर बुद्धिबळ खेळू लागला. काही आठवड्यांत यंत्राचे कित्येक धागे मेंदूतून मागे सरकले, तेव्हा उरलेल्या धाग्यांवर काम भागवावे लागले. पण त्या तरुणाने होकार स्वतः दिला होता, जोखीम जाणून दिला होता. रोझमेरीच्या आणि त्याच्या कहाणीत मला हे अंतर फार मोठे वाटते.

तथापि एक होकार पुरत नाही. मेंदूतून निघालेल्या लहरींची नोंद कोणाच्या कपाटात राहणार? चिली देशाने 2021 साली आपल्या राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीला संरक्षण दिले. 2023 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूची साठविलेली माहिती पुसून टाकायला लावली. आपल्यालाही आज ना उद्या या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल.

दिवाळीत आपण घराची दारे सताड उघडी ठेवतो, ती आपल्या खुशीने. मनाच्या दाराची कडी आतूनच असावी. कोणी वाजवले तर उघडावे, दुखणे असेल तर वैद्याला आनंदाने आत घ्यावे. पण बाहेरून कडी काढण्याचा अधिकार बापाला नाही, सरकारला नाही, कंपनीला नाही.

आणि गुरुजींना तर नाहीच नाही. नव्या मुलांना मी तो धाक आता घालीत नाही. मान खाली दिसली, की जवळ जाऊन विचारतो, "काय झालं, बाळ?" उत्तर मिळायला कधीकधी आठवडा लागतो.