बाणाचं तोंड कुणी फिरवलं?

बारावीत असताना वर्तुळाकार गतीच्या एका गणितात मी बाण उलटा काढला होता. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरतोय, आणि त्याच्यावरच्या बलाचा बाण मी ऐटीत बाहेरच्या दिशेने काढलेला. सरांनी लाल शाईने फुली मारून शेजारी लिहिलं, "आत!" मला काही केल्या पटेना. एस्टी घाटात वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, ते काय खोटं? पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं 'बल आत असतं' हे चक्क पाठ करून काढली.

गेले दोन-तीन वीकेंड या बाणाचा इतिहास वाचत होतो. आणि काय सांगू, माझ्यासारखा विचार करणाऱ्यांत खुद्द न्यूटनसुद्धा होता!

गोष्ट सुरू होते गोफणीपासून. हो, ज्वारीवरची पाखरं उडवायला वापरतात तीच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 सालच्या ग्रंथात गोफणीतल्या दगडाचं उदाहरण घेतलंय. सुटलेला दगड सरळ स्पर्शिकेने जातो, हे त्याला बरोबर कळलं होतं. पण फिरवताना हाताला जी ओढ जाणवते, तिच्यावरून त्याने म्हटलं की फिरणारी वस्तू केंद्रापासून दूर जायला धडपडत असते.

ही धडपड मोजली हॉलंडच्या हायगेन्सने, 1659 साली. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते, आणि वेग तोच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर निम्मी. नावही त्यानेच दिलं, लॅटिनमध्ये 'व्हिस सेंट्रिफ्यूगा', म्हणजे केंद्रापासून पळणारं बल. सिद्धतेशिवाय नुसते निष्कर्ष त्याने 1673 मध्ये लंबकाच्या घड्याळांवरच्या पुस्तकात छापले.

इकडे केंब्रिजमध्ये तरुण न्यूटनने 1660 च्या दशकात हाच हिशोब स्वतंत्रपणे केला. त्यात केप्लरचा नियम घालून ग्रहांची ही धडपड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, इथपर्यंत तो पोचलाही. म्हणजे आकडा बरोबर, पण बाण बाहेर! त्या कागदांतली भाषा केंद्रापासून दूर जाण्याचीच आहे.

आता एन्ट्री रॉबर्ट हूकची. हा लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवणारा माणूस. 1666 मध्येच त्याने सोसायटीत दोरीला टांगलेला गोळा गोल फिरवून दाखवला होता आणि सांगितलं होतं की सरळ जाणारी वस्तू आत ओढत राहिलं की वक्र मार्ग तयार होतो. 24 नोव्हेंबर 1679 ला त्याने न्यूटनला पत्र लिहून हीच कल्पना पुढे ठेवली: ग्रहाची गती म्हणजे स्पर्शिकेवरची सरळ चाल अधिक मध्यवर्ती गोलाकडे ओढ, यावर तुमचं मत काय? बस्स! बाहेर पळणारं बल यात कुठेच नाही. न्यूटनने उत्तरात पृथ्वीत पडणाऱ्या वस्तूचा मार्ग चुकीचा काढला, हूकने ती चूक सोसायटीत वाचून दाखवली आणि न्यूटन दुखावला. 6 जानेवारी 1680 च्या पत्रात हूकने ही ओढ व्यस्त वर्गाची असावी, असंही लिहिलं.

पण गणित? तिथे गाडी अडली. जानेवारी 1684 मध्ये हूक, हॅली आणि रेन यांच्या गप्पांत रेनने पैज लावली: दोन महिन्यांत सिद्धता आणा, चाळीस शिलिंगचं पुस्तक बक्षीस. ते कुणालाच मिळालं नाही. ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला गेला, तर न्यूटन म्हणाला, मार्ग लंबवर्तुळ येतो, मी काढलंय. नोव्हेंबरमध्ये त्याने छोटा प्रबंध पाठवला आणि त्यात नवा शब्द होता, 'व्हिस सेंट्रिपेटा', केंद्राकडे जाणारं बल. हायगेन्सच्या शब्दावरून मुद्दाम बेतलेला. आपलं अभिकेंद्री बल ते हेच.

1686 मध्ये हूकने श्रेय मागितलं आणि न्यूटन असा भडकला की प्रिन्सिपियाचा तिसरा खंड छापणारच नाही म्हणाला. हॅलीने कसंबसं समजावलं, आणि 1687 मध्ये ग्रंथ आला. व्यस्त वर्गाच्या संदर्भात हूकचं नाव रेन आणि हॅलीच्या रांगेत आहे. पण बाण फिरवल्याचं श्रेय कुठेच नाही.

न्यूटनचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. कल्पना सुचणं वेगळं आणि ती सिद्ध करणं वेगळं. आमच्या ऑफिसातही कोड रिव्ह्यूमध्ये एका ओळीची कमेंट टाकणारा वेगळा आणि रात्रभर बसून कोड लिहिणारा वेगळा असतो. पण त्या एका ओळीने सगळं डिझाइनच बदललं असेल, तर तिची नोंद नको का? मला तरी वाटतं, हवी.

आणि एस्टीचं म्हणाल तर आपल्याला बाहेर कुणीच ढकलत नसतं. आपण सरळच चाललेलो असतो, बस आपल्या अंगाखालून वळते. बसमध्ये बसून हिशोब करायचा तर बाहेरचा बाण काढावा लागतो, इंजिनिअर लोक काढतातही. पण रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला बाण एकच दिसतो, आत.

असो. सर, ती फुली बरोबर होती. पण शेजारी 'हूक' असं लिहिलं असतंत, तर तेव्हाच पटलं असतं :)