भोपळा, पण कोणता?

लाल भोपळ्याचं नाव विचारलं की फळापेक्षा सांगणाराच जास्त ओळखू येतो. नाशिक-नगरकडे ते डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ, विदर्भात कोहळं. पुण्यात डांगर म्हटलं तर उडदाच्या पापडाचं पीठ डोळ्यांपुढे येतं आणि कोहळा म्हटलं तर पांढुरकी भुकटी अंगावर असलेलं, दसऱ्याला कापायचं फळ.

हा गोंधळ उगाच झालेला नाही. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. १४९२च्या कोलंबसाच्या सफरीनंतर तो समुद्रमार्गे जगभर पसरला आणि आपल्याकडे आला तेव्हा भोपळा हे नाव आधीच दुसऱ्याचं होतं. ते नाव होतं वाळल्यावर लाकडासारख्या टणक होणाऱ्या फळाचं. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून तंबोरे घडवतात ते हेच; पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायचे तेही हेच. नवं फळ पाहुण्यासारखं विशेषण लावून आलं: तांबडा भोपळा, लाल भोपळा. पुढे ते घरात इतकं रुळलं की जुन्या मालकालाच 'दुध्या' हे विशेषण घ्यावं लागलं आणि अखेर भोपळा हे नाव सोडून तो नुसता दुधी झाला. गोव्यात तर याच्याही पुढची पायरी दिसते. तिथे दुदी म्हणजेच लाल भोपळा; आपल्या दुधीला म्हणायचं कोंकण दुदी. शब्दांच्या जगात इतकं सरळ घरबळकावणं मला दुसरं सहसा आढळत नाही.

कोहळ्याचंही तेच. संस्कृत कूष्मांड, प्राकृत कोहंड, मराठी कोहळा. ज्याच्या बीजात उष्मा थोडा तो कूष्मांड, अशी जुन्या कोशकारांची फोड आहे. थंड गुणाच्या पांढऱ्या कोहळ्याला ती शोभते. पण विदर्भात कोहळ्याचे बोंडे तळतात ते लाल भोपळ्याचे, गूळ घालून.

परदेशातही नावांनी असेच घोळ घातले आहेत. रॉजर विल्यम्स या इंग्रज वसाहतकाराने १६४३ मध्ये अमेरिकेतल्या नॅरागन्सेट या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला 'अस्कुटास्क्वॉश' हा शब्द नोंदवला. अर्थ, हिरवं-कच्चं खायचं ते. इंग्रजीने त्याचा 'स्क्वॉश' केला आणि पिकवून, साठवून, शिजवूनच खायच्या हिवाळी भोपळ्यांनाही तेच नाव दिलं. जपानी 'काबोचा'त तर कंबोडिया दडला आहे, कारण पोर्तुगीजांनी तो तिथून नेला.

म्हणून अनोळखी भोपळा हाती आला की आधी देठ पाहावा. देठ कठीण, पाच धारांचा आणि फळाला टेकताना फुलासारखा पसरलेला असेल तर त्याची शास्त्रीय जात मोस्काटा. आपल्याकडचे खाचांचे, चपटे भोपळे बहुतेक याच जातीचे. देठ गोल, जाड, बुचासारखा मऊ असेल तर मॅक्झिमा. धारदार, पण न पसरणारा असेल तर पेपो.

मग सालासकट एक फोड वाफवावी आणि मीठही न घालता खावी. पिठूळ, रताळ्याच्या वळणाची लागली तर भरताला किंवा सुक्या भाजीला उत्तम. पाणी सुटणारी, गोड असेल तर ती घारग्यांची: किसून गुळाबरोबर शिजवायची आणि त्या रसात मावेल तेवढंच पीठ मळायचं, वरून पाण्याचा थेंब नाही. जिभेला कडू लागली तर मात्र सबंध फळ फेकून द्यावं. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही.