स्क्रीन रीडर : प्रोग्रॅमनिहाय सेटिंग (अक्षरी पडदा)

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला (स्क्रीन रीडर) प्रत्येक प्रोग्रॅमपुरते वेगळे वाचननियम लावून देण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः डॉस आणि लिनक्स कन्सोलवरील प्रोग्रॅमांचा विचार केला आहे.

गरज : डॉसचा नेहमीचा पडदा ८० रकान्यांचा आणि २५ ओळींचा, म्हणजे २,००० घरांचा. प्रत्येक घराला दोन बाइट : एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. अमुक भाग मेनू, तमुक भाग सूचना अशी खूण या ४,००० बाइटांत कुठेच नसते. डोळस माणूस ती जागेवरून आणि रंगावरून ताडतो. स्क्रीन रीडरला ती कुणीतरी शिकवावी लागते, आणि प्रोग्रॅम बदलला की पुन्हा नव्याने.

विरामचिन्हे किती बोलायची, आकडे सुटे की सलग, कोणता चौकोन आपोआप वाचायचा, कोणता वगळायचा, एवढे तरी ठरवावे लागते. खरी मेख हायलाइटची. बाणाची कळ दाबली की मेनूतली रंगीत पट्टी खाली सरकते, पण कर्सर तिच्याबरोबर हलतोच असे नाही. कर्सरच्या मागावर असलेला रीडर अशा वेळी मुका राहतो. म्हणून पट्टीचा रंगच नेमून द्यायचा : या रंगात जे दिसेल ते वाच. हे एक जमले नाही तर बाकीची सेटिंग व्यर्थ.

उदाहरण : लोटस १-२-३ या हिशेबपत्रकात निवडलेल्या सेलचा पत्ता आणि मजकूर पहिल्या ओळीत दिसतो, मेनू दुसऱ्या ओळीत, मेनूचा खुलासा तिसऱ्या ओळीत, आकडेमोड त्याखाली. त्यामुळे बाण दाबताच पहिली ओळ वाचायची, मेनू उघडा असेल तर मात्र दुसरीतला रंगीत शब्द, असा दुहेरी नियम लागे. तळाच्या ओळीत घड्याळ असे. ती ओळ गप्प केली नाही, तर बेरीज ऐकताना मध्येच वेळ ऐकू येण्याची सोय आपोआप झालीच म्हणून समजावे. शब्दांच्या सेलपुढे लोटस एकेरी अवतरणचिन्ह दाखवतो. ते बोलायचे की गाळायचे, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

इतिहास : पहिलेपणाचे दावे अनेक आहेत. आयबीएममधील गणितज्ञ जिम थॅचर आणि त्यांचे अंध सहकारी जेसी राइट यांच्या कामातून आलेल्या डॉसवरील स्क्रीन रीडरला ‘प्रोफाइल ॲक्सेस लँग्वेज’ ही स्वतःची भाषा होती. तीत प्रोग्रॅमनिहाय प्रोफाइल लिहीत. जॉज हा रीडर १९८९ मध्ये डॉसवर आला.

लिनक्स : कर्क रायसर यांचा स्पीकअप हा रीडर कर्नलमध्येच चालतो. समोर कोणता प्रोग्रॅम आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्याची सेटिंग साध्या फाइलींच्या रूपात असल्याने छोट्या शेल स्क्रिप्टने काम भागते : कोड लिहिण्याचा एडिटर उघडण्याआधी विरामचिन्हांची पातळी ३ (सर्व) करायची, बाहेर पडताना पुन्हा १ (काही).

ईमॅकस्पीक (१९९५) : पुण्यात वाढलेल्या, आयआयटी मुंबईत शिकलेल्या टी. व्ही. रामन यांची निर्मिती. येथे सेटिंगचा प्रश्नच उलटा केला आहे : पडदा वाचण्याऐवजी ईमॅक्स या एडिटरमधील प्रत्येक प्रोग्रॅमच्या आज्ञांनाच बोलते केले. कॅलेंडरमध्ये साधा रीडर नुसता ‘१४’ म्हणेल. ईमॅकस्पीक वारासकट पूर्ण तारीख सांगतो. या विषयातील सर्वांत मूलगामी काम हेच.

विंडोज : एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये प्रोफाइल विंडोज-प्रोग्रॅमला जोडता येतात. पण टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरवर चालणारे मेल आणि एडिटर त्याच्या लेखी एकच, ‘टर्मिनल’. तिथे प्रोफाइल हाताने बदलावे लागते.

ब्रेल : लिनक्स कन्सोलवरचा मजकूर ब्रेलमध्ये दाखवण्यासाठी बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम आहे.

मराठी : ईस्पीक-एनजी या मुक्त वाचासंचात मराठी आहे. अक्षरी प्रोग्रॅमांच्या आज्ञा बहुधा इंग्रजीत असल्याने बोलण्याची भाषाही प्रोग्रॅम पाहून निवडावी लागते.