बैठी नोकरी, बैठा टीव्ही

आमच्या लवळ्यात "पोराला बैठी नोकरी लागली" ही बातमी पेढ्यांसकट यायची. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून राहिलेल्या माणसाला खुर्ची म्हणजे काय वाटत असेल, हे खुर्चीतच वाढलेल्या आपण ठरवू नये! त्यामुळे आत्या आतड्याच्या कॅन्सरने गेली आणि आतेबहिणीने विचारलं, "दादा, आई सारखी टीव्हीपुढे बसायची, त्यानेच झालं का रे?" तेव्हा जरा शोधाशोध केली. घरातल्या सगळ्यांसाठीच ती इथे मांडतोय.

बसून राहण्याबद्दलचा संशय तसा फार जुना. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामधंद्यांतल्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात शिंपी, चांभार असे सगळे आहेत. बैठं काम करणाऱ्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवावं, असा त्याचा सल्ला. मग एकदम १९५३. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढउतार करणारा. जेरी मॉरिसने दोघांची तुलना केली, तर हृदयविकार कंडक्टरांत कमी! (आपल्या एसटीच्या कंडक्टरला जिना नाही, पण गर्दी आहे.)

पण हे सगळं हृदयाचं. कॅन्सरचं नाव बरंच उशिरा आलं. १९८४ साली लॉस एंजेलिसमधल्या पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बैठी कामं करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका अंगमेहनत करणाऱ्यांच्या किमान १.६ पट निघाला.

आपल्याकडे तोवर टीव्ही नुकता रुळत होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, पुण्याला सिंहगडावरून चित्र दिसू लागलं ते १९७३ मध्ये. तेव्हा संध्याकाळचे थोडे तास कार्यक्रम, मग पडदा बंद. १९८७ मध्ये 'रामायण' आलं तरी तो रविवार सकाळचा सोहळा. केबल आली आणि बंद व्हायची वेळच गेली. पाठोपाठ शेजारी हिंजवडीत आयटी पार्क, मग हातात मोबाईल. म्हणजे दिवसभर पडद्यापुढे बसणं आपल्या भागात जेमतेम एका पिढीचं. कॅन्सर वाढायला वर्षानुवर्षं घेतो, तेव्हा हिशेब उशिरा लागणारच.

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ८,८०० जणांच्या अभ्यासात टीव्हीच्या दर जादा तासामागे एकूण मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण कॅन्सरचा आकडा ठाम निघाला नाही. २०२० च्या अमेरिकन अभ्यासात ८,००२ लोकांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं. सर्वात जास्त बसणाऱ्या गटात कॅन्सरने मरण्याचा धोका सर्वात कमी बसणाऱ्यांपेक्षा ८२ टक्के जास्त. बसण्यातला अर्धा तास काढून भरभर चालणं वगैरे केलं, तर हिशेबाने तो ३१ टक्के कमी होतो. नुसती घरातली हलकी हालचाल केली, तर ८ टक्के.

पण हे गटांचे आकडे आहेत, आत्याचे नाहीत. आजारी माणूस मुळात बसूनच राहतो. आत्या शेवटची दोन वर्षं टीव्हीपुढे होती ती अंगात त्राण नव्हतं म्हणून. रोगाने बसवलं की बसण्याने रोग आणला, हे एका माणसाबाबत कुणी सांगू शकत नाही. कॅन्सरच्या नोंदणीवरूनही नाही. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची. त्यांत गाठ कुठे होती ते कळतं, माणूस किती तास बसायचा ते नाही. तेव्हा बाई गं, रिमोटला दोष देऊन स्वतःला छळू नकोस.

असो. २०१४ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्र धरून चार ठिकाणची माणसं होती. त्यांतली ५४.४ टक्के पुरेशी हालचाल न करणारी निघाली, आणि महाराष्ट्रात दहातले नऊ जण मोकळ्या वेळात व्यायाम, खेळ असं काहीच करत नव्हते. आमच्या आजोबांनीही "नाही" असंच उत्तर दिलं असतं म्हणा. पण ते विचारायला आजोबांना बैलांमागे चालत गाठावं लागलं असतं.