कोल्हापूरचा समुद्र

वैशाख लागला आणि शाळांना सुट्या पडल्या म्हणजे कोल्हापुरांतील अनेक घरांत एक बेत हटकून ठरतो : एका दिवसांत मालवणला जाऊन यावयाचें. पहाटे दशम्या बांधून निघावें, राधानगरी मागें टाकून दाजीपूरच्या रानांतून फोंड्याचा घाट उतरावा, कणकवलीवरून मालवण गांठावें, होडींत बसून सिंधुदुर्ग पाहावा, तारकर्लीच्या वाळूंत मुलांना मनसोक्त खेळूं द्यावें आणि रात्रीं उशिरां घरीं परतावें. जाऊन-येऊन तीनशें किलोमीटरांहून अधिक मजल होते. मंडळी दमतात, पण आनंदानें दमतात. चार दिवस जो तो ‘कोंकणांत’ जाऊन आल्याचें सांगत असतो, जणूं एखादा परका मुलूखच पाहून आला! हा समुद्र एके काळीं कोल्हापूरचाच होता, हें मात्र ह्या प्रवाशांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असतें.

मालवणच्या समोरील कुरटे नांवाच्या बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ च्या नोव्हेंबरांत किल्ल्याचा पाया घातला. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि टोपीकर व्यापारी ह्यांना तोंड द्यावयाचें, तर पाण्यांतच ठाणें हवें, हें त्यांनीं ओळखलें होतें. पायाचे चिरे शिशाच्या रसानें सांधले. सुमारें ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद अशा तटानें ४८ एकरांचें हें बेट वेढून टाकलें. भोंवतीं खारें पाणी उसळत असतांना आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ह्या विहिरींना गोडें पाणी लागलें, ही तर निसर्गाची कृपाच. बेटाभोंवतीं पाण्याखालीं खडक पसरले आहेत. वाट ठाऊक असल्यावांचून गलबत तटाशीं येऊं शकत नसे.

कोल्हापूरशीं ह्या किल्ल्याचा संबंध जडला तो संकटकाळीं. शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आल्यावर छत्रपतींच्या घराण्यांत फूट पडली. १७०८ सालीं शाहूंच्या फौजेनें पन्हाळा घेतला, तेव्हां महाराणी ताराबाईंना घाट उतरून मालवणचा आश्रय घ्यावा लागला. पुढें १७१० च्या सुमारास पन्हाळा पुन्हां हातीं आला आणि तेथें त्यांची निराळी गादी स्थिर झाली. म्हणजे ज्या राज्यास आपण कोल्हापूरचें राज्य म्हणतों, त्यानें पडत्या काळीं सिंधुदुर्गाच्या तटाआड दम घेतला होता. १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा व कोल्हापूर ह्यांच्या हद्दी ठरल्या. त्यांत वारणेच्या दक्षिणेकडील मुलुखाबरोबर साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा तळकोंकणहि कोल्हापूरकडे आला. घाटमाथ्यावर पन्हाळा आणि पाण्यांत सिंधुदुर्ग असे ह्या राज्याचे दोन बळकट आधार झाले. घाटानें मीठ, नारळ व सुकी मासळी वर येई, आणि देशावरचें धान्य, गूळ व मिरची खालीं जाई.

समुद्रावर आपली सत्ता आहे, तेव्हां आपलें दस्तक घेतल्यावांचून कोणीं व्यापार करूं नये, असें कोल्हापूर दरबारचें म्हणणें. दस्तक नसलेलीं गलबतें मालवणचीं लढाऊ जहाजें धरीत. इंग्रज ह्यास चांचेगिरी म्हणत. स्वतः इंग्रज व पोर्तुगीज हेहि परवाने देऊनच समुद्र चालवीत होते, ही गोष्ट ते सोईस्करपणें विसरत. पण मालवणच्या दर्यावर्दींनीं निव्वळ लूट कधींच केली नाहीं, असेंहि म्हणतां येणार नाहीं. अखेर १७६५ सालीं मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन हे आरमार घेऊन आले आणि त्यांनीं सिंधुदुर्ग काबीज केला. ‘फोर्ट ऑगस्टस’ असें त्याचें नांवहि ठेवलें! परंतु किल्ला राखणें परवडेना, आणि पाडूं म्हटलें तर शिवकालीन तट इतका बळकट कीं तेंहि अवघड. शेवटीं १७६६ सालीं, जिजाबाई राणीसाहेबांच्या कारभारांत, व्यापारास उपद्रव न देण्याचें वचन आणि साडेतीन लाखांवर रुपयांची भरपाई घेऊन त्यांनीं किल्ला परत केला. इंग्रजी नांव वर्षभरांतच पुसलें गेलें.

दुसऱ्या वेळीं मात्र तसें घडलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं कोल्हापूर चोहोंकडून गांजलें होतें. सावंतवाडीशीं वैर, पटवर्धनांशीं झुंजी, आणि चिकोडी-मनोळीच्या परगण्यांवरून निपाणकरांशीं तंटा. त्यामागें पेशव्यांचा हात. अशा वेळीं १ ऑक्टोबर १८१२ रोजीं इंग्रजांशीं तह झाला. परकीय आक्रमणापासून संरक्षणाची हमी इंग्रजांनीं दिली. मोबदल्यांत मालवणचें बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हीं ठाणीं त्यांनीं घेतलीं. लढाऊ जहाजें ठेवण्याचा हक्कहि गेला. ह्या वेळीं तोफेचा एकहि गोळा न उडतां कागदावरच्या कलमांनीं सिंधुदुर्ग गेला.

हा सौदा फायद्याचा कीं तोट्याचा? साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. कोल्हापूरचें १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत टिकलें. त्याचें सारें श्रेय १८१२ च्या तहास देतां येणार नाहीं, तरी त्या हमीचा त्यांत वांटा होताच. पण किंमतहि लहान नव्हती. बाहेरच्या जगाकडे उघडणारा आपला दरवाजा कोल्हापूरनें दुसऱ्याच्या स्वाधीन केला. राज्य वांचलें, परंतु त्याची दृष्टि सह्याद्रीपाशींच थबकली. पिढ्या गेल्या, तशी आपल्याला समुद्र होता ही आठवणहि मावळली.

तरी एक धागा तुटला नाहीं. किल्ल्यांत राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत उभारलेलें श्रीशिवराजेश्वराचें मंदिर आहे. तेथील महाराजांच्या मूर्तीला दाढी नाहीं, आणि मस्तकावर जिरेटोप नसून दर्यावर्दी कोळ्यासारखी टोपी आहे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं ह्या मंदिराला सभामंडप बांधून दिला. किल्ला हातचा जाऊन शंभरांच्या आसपास वर्षें लोटलीं होतीं, तरी मूळ पुरुषाचें देवघर कोल्हापूर विसरलें नव्हतें. आणि २०२५ च्या जुलैंत जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले गेले, त्यांत पन्हाळा आणि सिंधुदुर्ग हे दोघेहि आहेत. वारणेच्या तहानें एका राज्यांत आलेले व मालवणच्या तहानें ताटातूट झालेले हे दोन सोबती अशा रीतीनें पुन्हां एका ओळींत बसले.

उन्हाळ्याच्या सुटींत मालवणास जाणाऱ्यांनीं वाळूंत अवश्य खेळावें. सोलकढीहि चुकवूं नये. पण घाट उतरतांना मुलांना एवढें सांगावें कीं, पन्हाळा सोडावा लागलेल्या ताराबाई अशाच घाट उतरून ह्या किनाऱ्यावर आल्या होत्या. मंदिरांत हात जोडल्यावर तो सभामंडप कोणीं बांधला, हेंहि दाखवावें. मग संध्याकाळीं होडी धक्क्याला लागेल, तेव्हां मुलें मागें वळून त्या तटाकडे पाहतील, आणि तो त्यांना परक्या मुलखांतला वाटणार नाहीं.