चारीकाठचे शब्द

ज्यांच्याजवळ ताम्रपट नाही, शिलालेख नाही, बखर नाही, त्यांचा इतिहास शोधावयाचा कोठे? त्यांच्या नित्याच्या बोलण्यात. पगार हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. परंतु हात, डोळा, पाणी हे शब्द सहसा कोणी उसने आणीत नाही.

आफ्रिकेतील चाड देशात चारी नदीकाठच्या गोरी, दामतार इत्यादी खेड्यांत कोळी व शेतकरी ‘लाल’ नावाची भाषा बोलतात. (आपल्या तांबड्या रंगाशी ह्या नावाचा काही संबंध नाही.) इ. स. २००० च्या सुमारास ती बोलणारे साडेसातशेच होते. ग्रीनबर्गने १९६३ साली आफ्रिकेतील भाषांची चार कुळे मांडली, त्यांत हिला जागा नव्हती. ती तेव्हा पंडितांस ठाऊकच नव्हती. पास्कल बोयेल्द्यू ह्या फ्रेंच अभ्यासकाने १९७०–८० च्या दरम्यान तिचे शब्द टिपले. त्यांतले काही शेजारच्या बुआ भाषांशी जुळतात, काही चाडी कुळाशी. उरलेले मात्र कोणाशीच नाही. ही नुसती खिचडी म्हणावी काय? मला ते पटत नाही. सगळेच शब्द उसने असते, तर उरलेल्यांचा सावकार कोठे तरी सापडलाच असता. बुआ व चाडी भाषा तेथे येण्यापूर्वीच्या कोणा नदीकाठच्या लोकांची ती शिल्लक असावी.